प्रभावळीतले काळे चौकोन

नदीच्या वळणावर एक गाव होते. त्या गावात दिव्यांच्या नादाने वेडावलेली काही माणसे राहत. कुणी एलईडीची तोरणे करी, कुणी रंग बदलणारे आकाशकंदील, कुणी तुळशीपुढे लावायला इवलीशी पणती. पोटापाण्याचे उद्योग त्यांचे वेगवेगळे होते. हा केवळ छंद होता.

या छंदाला सर्किट बोर्ड लागतो. बोर्ड म्हणजे दिवे बसवायची हिरवी पाटी. तिच्या अंगातल्या बारीक रेघांमधून वीज प्रत्येक दिव्यापर्यंत पोचते. आपल्याला हवा तसा बोर्ड एकट्याने करून घ्यायचा तर फार महाग पडे. म्हणून या मंडळींनी एक रीत पाडली होती. सगळ्यांनी आपापले आराखडे एकाकडे द्यायचे. त्याने ते कॉम्प्युटरवर एकाच मोठ्या पत्र्यात शेजारी शेजारी बसवायचे आणि दूरच्या कारखान्याला पाठवायचे. कारखाना तसल्या पत्र्याच्या पाच प्रती पाठवी. एक मागा की पाच मागा, पाचच येत. मग सगळे जमत. पत्र्यावर आखलेल्या रेषांवर जोर दिला की तुकडे खटकन सुटत. प्रत्येक जण आपला तुकडा आपल्या हाताने मोडून घेई. परवडतही असे आणि त्या दिवशी चहाबरोबर हसणेखिदळणेही होई.

पत्रा मांडायचे काम नरहरकडे होते. नरहरचे चष्म्याचे दुकान होते. हात स्थिर, नजर बारीक. त्या कामाचा एकच नियम होता: लहान तुकड्याला आधी जागा द्यायची, मोठ्याने उरलेल्या जागेत मावायचे. नरहरनेच तो घातला होता आणि आजवर पाळलाही होता.

त्या वर्षी त्याने एक मोठे काम अंगावर घेतले. घाटावर जळाई देवीचे देऊळ होते. चैत्रातल्या जत्रेला देवीच्या मुखवट्यामागे दिव्यांची प्रभावळ उभी करायची होती. पाच सारखे वळणदार तुकडे जोडून तिची कमान होणार होती. कारखान्याकडून पाच प्रती येतात, हे त्याने बरोबर हेरले होते.

त्याच पत्र्यासाठी इंद्रायणीने आपला आराखडा आणून दिला. इंद्रायणी अंगणवाडीत शिकवी. मुलांसाठी लुकलुकणाऱ्या चांदण्या करता करता ती या छंदात शिरली होती. या वेळचा तिचा बोर्ड तळहाताएवढा, चौकोनी होता.

"या वेळी चांदणी नाही हो, नरहरभाऊ," ती म्हणाली. "अक्कासाठी आहे."

तिची थोरली बहीण भागाक्का जन्मापासून बहिरी होती. उन्हाळ्यात नदी आटली की ती पात्रातल्या वाळूत कलिंगडे लावी. वरच्या धरणातून मधूनच पाणी सोडत. पाणी सुटण्याआधी भोंगा वाजे. तो ऐकला की पात्रातली माणसे, गुरे काठावर येत. भागाक्काला भोंगा ऐकू येत नसे. मागच्या उन्हाळ्यात एका धनगराने तिला हाताला धरून ओढत वर आणले, तेव्हा पाणी तिच्या पोटऱ्यांना लागले होते.

"हा बोर्ड भोंग्याचा आवाज ओळखतो," इंद्रायणीने समजावले. "भोंगा वाजला की याचे लाल दिवे उघडझाप करतील. कलिंगडाच्या वाडीत बांबूवर तिच्या डोळ्यांसमोर टांगणार. उरलेले चार बोर्ड काठावरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना देईन."

"झालंच म्हणून समज," नरहर म्हणाला. तेव्हा त्याच्या मनात खोट नव्हती.

त्याने रीतीप्रमाणे तिचा चौकोन आधी बसवला. मग इतरांचे बसवले. शेवटी आपली प्रभावळ मांडली. ती नेमकी मावली. पण तिच्याकडे बघता बघता त्याला वाटले, खालच्या बाजूला आपले नाव हवे. छोट्या सोनेरी दिव्यांत, वेलबुट्टीच्या मधोमध, 'नरहर'. जत्रेला पंचक्रोशी लोटणार. हे कुणी केले, ते कळायला नको?

नावाला जागा नव्हती. तिथे इंद्रायणीचा चौकोन होता.

त्याने इकडचे तिकडे करून पाहिले. काही जमेना. मग त्याने तो चौकोन निवडला आणि पुसून टाकला. 'पुढच्या खेपेला घालू,' तो स्वतःशी म्हणाला. मोकळ्या जागेत त्याने आपले नाव बसवले आणि फाइल पाठवून दिली.

पार्सल आले. सगळे जमले. खटकन, खटकन तुकडे सुटू लागले. इंद्रायणीने पाचही पत्रे वर-खाली करून पाहिले. तिचा हात रिकामाच राहिला.

"माझा कुठंय?"

"कारखान्यानं नाकारला," नरहर खाली बघत म्हणाला. "फार लहान आहे, बसत नाही म्हणाले."

"लहान आहे म्हणून बसत नाही?"

"त्यांचे नियम असतात, ताई. आपण काय करणार? पुढच्या खेपेला बघू."

"पाणी आपली खेप बघून येत नाही, भाऊ," एवढेच म्हणून इंद्रायणी चहा न घेता निघून गेली.

नरहरने पाचही तुकड्यांवर दिवे बसवले, ते जोडून कमान केली आणि बॅटरी लावली. प्रभावळ झळाळून उठली. पाने, फुले, वेली, सगळे सोन्यासारखे. फक्त पाच जागी अंधार होता. जिथे जिथे त्याचे नाव होते, तिथे तिथे एकेक काळा चौकोन होता. तळहाताएवढा.

'स्वस्तातले दिवे असेच निघतात,' त्याने मनाची समजूत घातली. दिवे उपसून नवे बसवले. चौकोन काळेच. मीटर लावून पाहिले. वीज रेघेरेघेतून नीट वाहत होती, दिव्यांपर्यंत पोचत होती आणि दिवे गरमही होत होते. पण प्रकाश नव्हता. त्याने एका चौकोनावर टॉर्च मारला. टॉर्चचा झोत चौकोनाच्या कडेपर्यंत गेला आणि तिथेच संपला. त्याने बोट पुढे केले. चौकोनासमोर आलेले पेर दिसेनासे झाले. त्याने घाईने हात मागे घेतला. बोट जागेवर होते, पण गार पडले होते.

मग त्याने कॉम्प्युटरवर जुना आराखडा काढला आणि नव्यावर ठेवून पाहिला. जिथे इंद्रायणीचा बोर्ड होता, तिथेच अंधार होता. रेघभरही इकडे-तिकडे नाही. नरहरने कॉम्प्युटर बंद केला आणि बराच वेळ पाण्याचा तांब्या हातात धरून बसला. प्यायला मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो त्या चौकोनाजवळ कान नेऊन बसला होता. आत काही गुणगुणते का, कुठे ठिणगी उडते का, ते ऐकायला. आत काहीच वाजत नव्हते. बाहेरचेही काही वाजत नव्हते. रस्त्यावर रिक्षा नाही, शेजारच्या लोहाराचा घण नाही, दुकानाच्या पाटीवर चिवचिवणाऱ्या चिमण्या नाहीत. स्वतःचा श्वाससुद्धा नाही.

कुणीतरी त्याचा खांदा गदगदा हलवला. तो दचकून मागे सरला आणि सगळे आवाज एकदम अंगावर आले. मागे त्याची बायको शैला उभी होती.

"अहो, कानात बोळे घातलेत की काय? घसा सुकला हाका मारून!"

"पंख्याच्या आवाजात ऐकू आलं नाही."

शैलाने वर पाहिले. मग त्याच्याकडे पाहिले. "सकाळपासून वीज नाहीये," ती हळूच म्हणाली. "पंखा बंद आहे."

त्या दिवसापासून नरहर प्रभावळीकडे पाठ करून बसू लागला. तरी ते चौकोन त्याला सोडीनात. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर चष्मा चढवावा, तर काचेत काळा चौकोन दिसे. भिंतीवर ऊन पडावे, तर उन्हात तेवढाच तुकडा न उजळलेला. शैलाला तो दिसत नसे. "डोळे तपासून घ्या आता स्वतःचेच," ती हसून म्हणाली, पण त्या रात्री तिने देवापुढे एक वात जास्त लावली.

नरहरला काय करायला हवे, ते कळत होते. इंद्रायणीकडे जायचे आणि खरे सांगायचे. रोज सकाळी तो निघे. अंगणवाडीच्या कोपऱ्यापर्यंत जाई. मुलांची गाणी ऐकू येऊ लागली की परत फिरे.

जत्रा आली. नरहरने झेंडूच्या पाच लहान माळा आणल्या आणि पाच चौकोनांवर टांगल्या. झेंडू ताजा, केशरी होता. चौकोनावर लावताच तो जळल्यासारखा दिसू लागला. तरी लांबून पाहणाऱ्याला ती शोभाच वाटली असती.

देऊळ घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर होते, नदीकडे तोंड केलेले. दिवस मावळायला आला होता. घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. मुखवट्यामागे प्रभावळ उभी केली होती, वर शाल घातलेली. रामा गुरव आरतीचे तबक सजवत होता. संबळ घुमत होता. सूर्य टेकला की शाल काढायची आणि दिवे लावायचे, असे ठरले होते.

"नरहरभाऊ, यंदा देवीपेक्षा तुम्हालाच जास्त नमस्कार पडणार," गुरव चिडवून म्हणाला.

"काहीतरीच तुझं!" नरहर म्हणाला. पण तो सुखावला.

तेवढ्यात शालीखाली एक माळ निसटल्याचे त्याला जाणवले. ती सावरायला त्याने शाल जरा उचलली आणि डोके आत घातले. चौकोन अगदी कानाशी आला.

संबळ थांबला.

नरहरने शालीच्या फटीतून मान वळवून पाहिले. संबळवाल्याचे हात तसेच चालले होते. टिपरू कातड्यावर आपटत होते. आवाज मात्र नव्हता. गुरवाचे तोंड हलत होते. मग संबळवाल्याचे हातही थांबले. घाटावरची सगळी डोकी एकदम नदीकडे वळली. खालच्या पायऱ्यांवरची माणसे वर सरकू लागली. बायका मुलांना बखोटीला धरून ओढत होत्या. सगळ्यांची तोंडे उघडी होती आणि कुठेही चकार शब्द नव्हता.

त्याला काही समजेना. हे सगळे कशाला भ्याले? त्याने त्यांच्या नजरेमागे नजर नेली.

खाली वाळूत, कलिंगडाच्या वेलांमध्ये भागाक्का वाकलेली होती. जत्रेत विकायला कलिंगडे तोडून टोपल्यांत भरत होती. घाटाकडे तिची पाठ होती. शेकडो माणसे तिला हाका मारत होती आणि ती वेल बाजूला सारून पुढचे फळ टिचकी मारून पाहत होती.

तेव्हा नरहरला कळले. भोंगा वाजत होता. तिला जसा ऐकू येत नव्हता, तसाच त्यालाही येत नव्हता. वाडीच्या मधोमध एक बांबू उभा होता. त्यावर काहीच टांगलेले नव्हते. ते का नाही, हे साऱ्या घाटावर त्या एकट्यालाच ठाऊक होते.

घाटाच्या दुसऱ्या टोकाला, अंगणवाडीच्या मुलांमधून उठून इंद्रायणी धावत सुटली होती. पण ती फार लांब होती. वाळूत पाय रुतत होते. ती पडली, उठली, पुन्हा पडली.

नरहरने शाल ओढून फेकली. प्रभावळीला दोन्ही हातांनी धरले आणि देवीमागून उपसून काढले. बॅटरी तिच्या पाठीलाच बांधलेली होती. गुरव आडवा आला. "देवीची आहे ती! पाप लागेल!" असे तो ओरडत होता. नरहरला ते ऐकू आले नाही. तो तिला डोक्यावर धरून पायऱ्या उतरत गेला आणि शेवटच्या पायरीवर उभे राहून त्याने बटण दाबले.

सोन्याचा उजेड वाळूवर पसरला. भागाक्काच्या पुढ्यात तिचीच सावली उमटली, लांबच लांब. नरहरने बटण बंद केले. सावली गेली. पुन्हा दाबले. सावली आली. पुन्हा गेली. भागाक्काचा हात वेलावर थांबला. सावली परत आली तेव्हा ती त्या सावलीकडे काही क्षण बघत राहिली, आणि मग वळली.

तिने उजेड पाहिला. घाटभर हलणारे हात पाहिले. मग तिने वरच्या वळणाकडे पाहिले. तिथे पाण्याची पांढरी कड दिसू लागली होती. ती धावली. काखेत एक कलिंगड तसेच होते. ते टाकायचे तिला सुचले नाही. इंद्रायणीने वाळूच्या कडेला तिचा हात धरला आणि दोघी पायऱ्यांना लागल्या, तोच मागे पाण्याने टोपल्या उचलून नेल्या.

पाणी नरहरच्या गुडघ्यांवर आदळले. तो तोल सावरायला गेला आणि प्रभावळ हातातून सुटली. ती बुडाली. बुडाली तरी विझली नाही. गढूळ पाण्याखाली ती सोनेरी कमान हळूहळू खाली खाली जाताना सगळ्यांनी पाहिली. पाण्यातून कुणीतरी डोळा उघडून वर बघते आहे, असे वाटत होते. मग तो डोळा मिटला.

ती सुटली तशी नरहरच्या कानांत सगळे परत आले. भोंग्याचा शेवटचा लांबट सूर. पाण्याचा घोंघाट. इंद्रायणीचे रडणे.

लोकांनी त्याला वर ओढून घेतले. "नरहरभाऊ, वाचवलंत हो बाईला!" "देवीनंच बुद्धी दिली!" "एवढ्या महिन्यांची मेहनत पाण्यात टाकली, पण माणूस राखलं!" कुणी त्याच्या पाया पडले. गुरवाने रागाने उगारलेला हात नरहरच्या पाठीवर ठेवला. भागाक्काने पुढे येऊन काखेतले कलिंगड त्याच्या हातांत दिले. तिच्याजवळ तेवढेच उरले होते. ती हसत होती.

नरहरने त्या फळाकडे पाहिले. गप्प राहिला असता, तर जन्मभर गावाने त्याला पुण्यवान म्हटले असते. इंद्रायणीही त्याचेच आभार मानायला हात जोडत होती.

"हात जोडू नकोस," तो म्हणाला. "तुझा बोर्ड कारखान्यानं नाकारला नव्हता. मीच पुसला. तिथं मला माझं नाव घालायचं होतं."

घाट शांत झाला. या वेळी ती शांतता सगळ्यांनाच ऐकू आली.

इंद्रायणीने जोडलेले हात सोडले. "आम्हाला खोटं का सांगितलंत मग?"

"तुला सांगायची लाज वाटली."

"आणि अक्का बुडाली असती, तर?"

"तिला सांग," तो म्हणाला. "सगळं सांग तिला."

इंद्रायणीने हातांच्या खुणांनी बहिणीला सारे सांगितले. भागाक्काचे हसू हळूहळू मावळले. ती नरहरकडे पाहत राहिली. मग वाडी होती तिथे वाहणाऱ्या पाण्याकडे तिने पाहिले. मग तिने बोटांनी काही विचारले.

"काय म्हणते?" नरहरने विचारले.

"पुढचं पाणी कधी सुटणार, असं विचारतेय."

त्या वर्षी देवीचा मुखवटा प्रभावळीवाचून, समईच्या उजेडात राहिला. नरहरने सर्वांसमोर पत्रा मांडायचे काम सोडायची तयारी दाखवली. पण इंद्रायणीच म्हणाली, "सोडायचं नाही. आमच्यासमोर बसून करायचं." मग त्याने सगळ्यांच्या देखत नवा पत्रा मांडला. सर्वांत आधी तो तळहाताएवढा चौकोन. आपले काहीही त्याने त्यात घातले नाही.

कारखान्याहून पार्सल यायला वेळ लागे आणि धरण कुणासाठी थांबत नसे. पाणी ओसरल्यावर भागाक्काने उरलेले वेल पुन्हा वाळूत लावले. तेव्हापासून नरहर दुकान शैलावर सोपवून वाळूत जाऊन बसू लागला. ऊन डोक्यावर असे. तो धरणाच्या दिशेला कान लावून बसे. भोंगा वाजला की उठे, भागाक्काच्या खांद्याला हात लावी, भरलेल्या टोपल्या उचली आणि तिच्यामागून घाट चढे. काळा चौकोन अजून कधीमधी उन्हात दिसे. तो नजर चुकवत नसे.

बोर्ड येईपर्यंत हे असेच चालले. भागाक्काने त्याला कधी हाकलले नाही. आणि सावलीत ये, असेही कधी खुणावले नाही.

तात्पर्य: चार जणांनी विश्वासाने आपल्या हाती दिलेल्या जागेत स्वतःच्या हौसेसाठी दुसऱ्याची गरज पुसू नये; आणि तशी चूक झालीच, तर लोक कौतुक करत असतानाही ती आपल्या तोंडाने सांगावी व आपल्या हाताने निस्तरावी.